रोड टॅक्स भरणाऱ्याचा रस्ता

(पत्रलेखकाची ओळख पटेल असे तपशील वगळून पत्राचा सारांश देत आहे.)

पुण्यात राहणारे, पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ लिहितात: मुख्य रस्त्यावर माझे स्टेशनरीचे दुकान आहे. चार वर्षांपूर्वी पेट्रोलची कार घेतली, तेव्हा १ लाख २० हजार रुपये रोड टॅक्स एकरकमी भरला. गेल्या वर्षी दुकानासमोरून सायकल ट्रॅक काढला गेला आणि गिऱ्हाइकांना गाडी लावायला जागा उरली नाही. आता रस्त्यावरचे दुकानदार आणि आसपासच्या सोसायट्या मिळून एक निवेदन देत आहेत. 'करदात्यांचा रस्ता कर न भरणाऱ्यांना देऊ नका' असे त्याचे पहिले वाक्य आहे आणि त्यावर माझी सही मागितली आहे. तीन आठवड्यांपूर्वी संध्याकाळी मुलीला घेऊन घरी येत होतो. ट्रॅकवर एक टेम्पो उभा होता, त्याला वळसा घालून एक वयस्कर सायकलवाला अचानक गाडीपुढे आला. मी ब्रेक दाबला, काच खाली केली आणि म्हणालो, "टॅक्स भरतोस का रे? मग रस्त्याच्या मधून कशाला चालवतोस?" तो काही बोलला नाही. खाली उतरला आणि सायकल कडेला घेऊन उभा राहिला. माझी मुलगी १९ वर्षांची आहे आणि जूनपासून कॉलेजला सायकलने जाते. ती एवढेच म्हणाली, "बाबा, टॅक्स मीसुद्धा भरत नाही." त्या दिवसापासून ती माझ्या गाडीत बसलेली नाही. माझे मूळ म्हणणे चुकीचे आहे का? सही करावी का? आणि मुलीला कसे पटवून द्यावे?

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा वाचताना तुमचा राग दिसला, दुसऱ्यांदा वाचताना हे जाणवले की स्वतःची बाजू लंगडी पडेल असे तपशीलही तुम्ही लपवलेले नाहीत. सायकलवाल्याचे वय, टेम्पो, मुलीचे वाक्य, हे सारे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. त्यामुळे मोकळेपणाने उत्तर देते. मीही कार चालवते, मीही रोड टॅक्स भरला आहे, आणि दुकानासमोरची जागा गेल्यावर गल्ल्यावर काय परिणाम होतो हे दुकानदाराच्या घरातील माणसांकडून ऐकले आहे. तुमचे नुकसान खोटे आहे असे मी म्हणणार नाही.

आधी तुमच्या १ लाख २० हजारांचे काय झाले ते पाहू, कारण सगळा वाद त्या रकमेभोवती फिरतो आहे.

आपण सगळे 'रोड टॅक्स' म्हणतो, आणि घोळ त्या नावापासूनच सुरू होतो. ज्या कायद्याखाली तुम्ही पैसे भरले तो महाराष्ट्र मोटार वाहन कर अधिनियम, १९५८. कर वाहनावर आहे, रस्त्यावर नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीत ५७ क्रमांकाची नोंद आहे, तीही रस्त्यांवर वापरण्याजोग्या वाहनांवरील कराची आहे. शोरूमने तुमच्या वतीने भरलेली ती रक्कम राज्याच्या एकत्रित निधीत जमा झाली. संविधानाच्या २६६व्या कलमातील हा निधी म्हणजे सगळ्या नद्यांचे पाणी एकत्र येते असे मोठे धरण समजा. त्यातून शिक्षकांचे पगार होतात, सरकारी दवाखाने चालतात, पाटबंधाऱ्यांची कामे होतात आणि राज्याचे रस्तेही होतात. कोणत्या नदीचे पाणी कोणत्या शेतात गेले हे धरणाच्या भिंतीवर उभे राहून सांगता येत नाही.

तुमच्या दुकानासमोरचा रस्ता मात्र महापालिकेचा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या ६३व्या कलमात महापालिकेची जी बंधनकारक कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत सार्वजनिक रस्ते बांधणे आणि दुरुस्त ठेवणे हे एक आहे. ती हा खर्च कशातून करते? मालमत्ता करातून, बांधकाम परवानगीच्या शुल्कातून, घर विकत घेताना मुद्रांक शुल्काबरोबर भराव्या लागणाऱ्या १ टक्का अधिभारातून, राज्य आणि केंद्राच्या अनुदानांतून, आणि जकात व एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेल्यानंतर जीएसटीची भरपाई म्हणून राज्याकडून मिळणाऱ्या मोठ्या रकमेतून. तुम्ही जुने दुकानदार आहात, जकातनाक्यावर माल अडकून पडल्याचे दिवस तुम्हाला आठवत असतील. ते नाके गेले, १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि शहराचा हा हिस्सा साबण, चप्पल, औषधे, पेन अशा प्रत्येक खरेदीतून वसूल होऊ लागला.

आता त्या वयस्कर माणसाकडे पुन्हा पाहू. तो भाड्याच्या खोलीत राहत असेल, तर घरमालक मालमत्ता कराचा बोजा भाड्यातून त्याच्यावरच टाकत असणार. तो अंगाला लावतो त्या साबणावर, सायकलच्या टायरट्यूबवर, खुद्द सायकलवर कर आहे. सायकलवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, पण त्याची सायकल जुनी असेल तर तिच्यावर त्याने जास्तीचाच दर किंवा त्याआधीचे कर भरले आहेत. म्हणजे तुम्ही काच खाली करून जो प्रश्न विचारलात, त्याचे खरे उत्तर 'हो, भरतो' असे होते. मुंबईतल्या मालमत्ता कराच्या बिलात तर 'पथकर' असा वेगळा रकानाच असतो. रस्त्याचे नाव लावून घेतला जाणारा कर शोधायचाच झाला तर तो तिथे सापडतो, आणि तो गाडी असलेल्याला आणि नसलेल्याला सारखाच लागू आहे.

पेट्रोलवरच्या कराचा मुद्दा तुम्ही काढाल, आणि तो रास्त आहे. एका लिटरमागे केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट मिळून मोठी रक्कम जाते. त्यातला एक उपकर खरोखर रस्त्यांच्या नावाने घेतला जातो. २००० साली त्यासाठी केंद्रीय रस्ते निधीचा कायदा झाला. या निधीचा भर राष्ट्रीय महामार्ग, राज्यांचे महत्त्वाचे रस्ते, ग्रामीण रस्ते आणि रेल्वे फाटकांवरचे पूल यांवर होता. २०१८ मध्ये त्याच्या नावात 'पायाभूत सुविधा' हे शब्द आले आणि त्यातून पाणी, ऊर्जा, आरोग्य अशा कामांनाही पैसा देण्याची वाट मोकळी झाली. रस्त्यासाठी म्हणून घेतलेला पैसासुद्धा आता केवळ रस्त्याला बांधलेला नाही. या बदलावर टीका करता येईल, मलाही त्यात शंका आहेत. पण त्याचा जाब तिजोरी सांभाळणाऱ्यांना विचारायला हवा. कडेला उतरून उभ्या राहिलेल्या माणसाकडे त्याचे उत्तर कुठून असणार?

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेले गृहीतक. 'मी पैसे भरले, म्हणून वस्तू माझी', हा व्यवहार दुकानात बरोबर असतो. तुमच्याकडून कोणी वही घेतली की ती त्याची होते. कर मात्र तसा नसतो. १९५४ साली शिरूर मठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कर आणि शुल्क यांतील फरक सांगताना म्हटले की करात भरणाऱ्याला अमुक एक सेवा परत मिळण्याचा सौदा नसतो. शुल्कात असतो. वाहन कराबाबत न्यायालयांनी मध्यंतरी थोडा वेगळा विचार केला होता हेही सांगितले पाहिजे. राजस्थानातील मोटार वाहतूकदारांच्या १९६२च्या खटल्यात हा कर रस्त्यांच्या सोयीची भरपाई करणारा मानला गेला, आणि तुमच्या बाजूने बोलणारा वकील त्याच निकालाचा आधार घेईल. परंतु नोव्हेंबर २०१६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जिंदाल स्टेनलेस प्रकरणात भरपाई कराची ही कल्पना बहुमताने बाजूला सारली. म्हणून कायद्याच्या अंगाने तुमच्या निवेदनाचे पहिले वाक्य टिकणारे नाही.

व्यवहाराच्या अंगानेही ते टिकत नाही. तुमच्या सोसायटीत कोणाची इलेक्ट्रिक स्कूटर किंवा कार असेलच. महाराष्ट्राच्या २०२१च्या धोरणाने विजेवरच्या वाहनांना मोटार वाहन कर माफ केला आणि ती पेट्रोल पीत नाहीत, त्यामुळे तो करही नाही. त्या शेजाऱ्याला रस्ता वापरू देऊ नये असे तुमच्या मनात कधी आले नसेल. पायी चालणाऱ्या तुमच्या आईला किंवा शाळेत जाणाऱ्या मुलांना कोणी पावती विचारत नाही. हा प्रश्न आपण फक्त सायकलवाल्याला विचारतो. तो त्यालाच का विचारला जातो, याचा विचार तुम्ही शांतपणे करावा अशी माझी विनंती आहे.

रस्त्याची झीज हा या वादातला आणखी एक मुद्दा. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५०च्या दशकाच्या अखेरीस खास रस्ते बांधून, त्यांवरून सतत ट्रक फिरवून मोठी चाचणी घेण्यात आली. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की आसावरचा, म्हणजे चाकांना जोडणाऱ्या दांड्यावरचा, भार दुप्पट झाला तर रस्त्याचे नुकसान दुप्पट होत नाही, सुमारे सोळा पट होते. सायकल आणि स्वार मिळून ९० किलो धरले तर एका आसावर ४५ किलो येतात. तुमच्या कारच्या एका आसावर साधारण ६५० किलो. या हिशेबाने तुमची कार सायकलच्या तुलनेत काही हजार नव्हे, सुमारे ४० हजार पट झीज करते. पण मी तुमच्यावर हे ओझे टाकणार नाही, कारण त्याच नियमाने दहा टन आसाचा भरलेला ट्रक तुमच्या कारच्या ५० हजार पटींहून अधिक नुकसान करतो. सायकल आणि कार, दोघीही त्या खात्यात किरकोळ आहेत. शहरातला डांबरी रस्ता बहुतेक वेळा जातो तो पावसाळ्यात साचलेल्या पाण्याने आणि पाइप, केबलसाठी केलेल्या खोदाईने. वजनाच्या प्रमाणात वर्गणी काढायची ठरली तर सायकलच्या वाट्याला येणारे पैसे मोजायला माणूस ठेवणेही परवडणार नाही.

'मग सायकलला कर लावा, म्हणजे प्रश्न मिटला' असे म्हणणारे वाचक मला नेहमी लिहितात. त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट सांगते. सायकलला कर होता. माझ्या वडिलांच्या काळ्या सायकलच्या हँडलखाली नगरपालिकेचा पितळी बिल्ला तारेने बांधलेला असे. दर वर्षी त्याचा आकार बदलायचा, एका वर्षी गोल, एका वर्षी ढालीसारखा, म्हणजे बिल्ला जुना आहे हे नगरपालिकेच्या माणसाला लांबूनच कळावे. नवा बिल्ला आणला की वडील तो चिंचेने घासून लख्ख करत आणि आम्ही मुले त्यावरचा आकडा वाचत बसत असू. ते बिल्ले पुढे बंद झाले. पण मला आठवते ते वेगळेच. बाजारपेठेच्या अरुंद रस्त्यावर मागून ट्रकने हॉर्न वाजवला की वडील सायकलवरून उतरत, ती कडेच्या गटारापर्यंत ओढून घेत आणि ट्रक जाईपर्यंत उभे राहत. कर भरलेला होता, पितळी पावती हँडलखाली चमकत होती, तरी उतरावे त्यांनाच लागे.

सायकलवर पुन्हा कर बसवायला संविधानाची आडकाठी नाही, राज्य सूचीतील ती नोंद इंजिन नसलेल्या वाहनांनाही लागू आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात २०१८ पासून २०० डॉलर आणि त्याहून महाग नव्या सायकलीवर १५ डॉलर कर घेतला जातो, त्यामुळे ही कल्पना वेडेपणाची आहे असेही नाही. परंतु आपल्याकडे सायकल कोणाची आहे ते पाहा. २०११च्या जनगणनेत देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, कार, जीप किंवा व्हॅन फक्त ४.७ टक्के कुटुंबांकडे. बिल्ले काढायचे, वाटायचे, तपासायचे, न लावणाऱ्याला दंड करायचा, आणि हे सगळे कोणाकडून वसूल करायचे तर पहाटे पेपर टाकणाऱ्या मुलाकडून आणि रात्रपाळीच्या वॉचमनकडून. माझे मत याच्या विरोधात आहे.

तुमच्या पुतण्याने ब्रिटनमधून 'इथेही लोक सायकलवाल्यांना हेच ऐकवतात' असे कळवल्याचे तुम्ही लिहिले आहे. ते खरे आहे. तिथे १९२०च्या सुमारास वाहनांच्या करातून रस्त्यांसाठी वेगळा निधी खरोखर उभारला गेला होता, पण चर्चिल अर्थमंत्री असताना १९२६ मध्ये त्यातला पैसा सरकारी तिजोरीत वळवला गेला आणि १९३७ पासून तो कर रस्त्यांना बांधलेला राहिला नाही. नाव मात्र लोकांच्या तोंडून गेले नाही. आपल्याकडेही नेमके तेच झाले आहे.

आता तुमच्या कराचा हिशेब दुसऱ्या बाजूने मांडते. १ लाख २० हजार रुपये १५ वर्षांवर वाटले तर दिवसाला २२ रुपये होतात. एक कार उभी राहायला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. तुमच्या रस्त्यावर एवढ्याच जागेच्या गाळ्याला रोज किती भाडे पडते हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. शहरात सगळ्यात महाग पडते ती जागा, आणि रस्त्याच्या कडेला गाडी लावणारा प्रत्येक जण, मीसुद्धा, ती जवळजवळ फुकट वापरत आलो आहोत. त्यामुळे कोण कोणाच्या पैशावर रस्ता वापरतो हा प्रश्न खणत गेलो तर तो गाडीवाल्यांच्या बाजूने सुटेलच याची खात्री नाही. म्हणून मी म्हणते की तो विचारूच नये.

मग तुमच्या हातात काय उरते? माझ्या मते पुष्कळ काही. तुमचे खरे दुःख कराचे नाहीच. गिऱ्हाईक कमी झाले, माल उतरवायला जागा नाही, आणि हे सगळे करताना कोणी तुम्हाला विचारले नाही, हे ते दुःख आहे. ही तक्रार सच्ची आहे आणि ती तिच्याच नावाने मांडली पाहिजे. करदाते विरुद्ध फुकटे अशी मांडणी केली की अधिकाऱ्याला ती फाइलला लावून विसरून जाणे सोपे जाते. 'सकाळी अकरा ते एक या वेळात माल उतरवायला जागा हवी' असे लिहिले की त्याला उत्तर द्यावे लागते.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला तो टेम्पो वाटतो. तुमच्या आणि त्या सायकलवाल्याच्या अपघाताची वेळ आली ती टेम्पोमुळे. ट्रॅक मोकळा असता तर तो माणूस तुमच्या गाडीपुढे आलाच नसता. आणि टेम्पो तिथे उभा होता कारण माल उतरवायला दुसरी जागा ठेवलेलीच नाही, म्हणजे ज्या गैरसोयीने तुमचा धंदा अडतो, तिनेच त्याला रस्त्याच्या मध्यावर ढकलले. तुम्ही दोघे एकाच चुकीच्या आखणीचे बळी आहात, फक्त तुमच्याभोवती पत्रा होता आणि त्याच्याभोवती नव्हता.

म्हणून सहीबद्दल माझा सल्ला असा. आहे त्या मजकुरावर सही करू नका. निवेदन लिहिणाऱ्या मंडळींना सांगा की पहिले वाक्य काढा, मी सही करतो आणि मजकूर सुधारून द्यायलाही मदत करतो. ते ऐकणार नाहीत अशी शक्यता आहे. तसे झाले तर स्वतःचे वेगळे पत्र द्या, आणि ते नुसत्या मतांवर उभे करू नका. दुकानात एक वही ठेवा, त्यात पायी, सायकल, दुचाकी, कार असे चार रकाने आखा आणि पंधरा दिवस प्रत्येक गिऱ्हाईक कशाने आले त्याची रेघ मारा. स्टेशनरीच्या दुकानात कारने येणारे किती आणि शाळेतून परतताना चालत किंवा सायकलवर येणारी मुले किती, हे तुम्हालाही अंदाजापेक्षा वेगळे दिसू शकेल. न दिसले तरी आकडे तुमच्या हातात असतील.

दुसरे म्हणजे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पथ विभागाकडे अर्ज करा. ट्रॅकची मंजूर रुंदी किती, तो कोणत्या अंदाजपत्रकीय शीर्षातून झाला, माल उतरवण्याची आणि पार्किंगची काय तरतूद केली होती, देखभाल कोणाकडे आहे, एवढेच विचारा. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. कोणाच्या पैशातून ट्रॅक झाला या तुमच्या मूळ प्रश्नाचेही कागदोपत्री उत्तर तुम्हाला त्याच अर्जात मिळेल. त्यानंतर बाजूच्या गल्लीत सशुल्क पार्किंग, माल उतरवण्याच्या ठरावीक वेळा आणि ट्रॅकवर वाहने चढू नयेत म्हणून खांब, अशी तीन मागणीपत्रे क्षेत्रीय कार्यालयात द्या. पुण्यात नागरिकांच्या सूचनांवरून पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात छोटी कामे धरण्याची पद्धत २००६च्या सुमारापासून आहे. तिचे अर्ज निघतात तेव्हा ही कामे त्यात लिहा. इतर दुकानदार वाचक असतील त्यांनाही माझे हेच सांगणे आहे. ट्रॅक उखडून टाका ही मागणी मान्य झाली तरी मोकळी झालेली जागा तुमच्या गिऱ्हाइकांना मिळेल असे नाही, ती सकाळी नऊला कोणीतरी आपली गाडी लावून संध्याकाळपर्यंत अडवून ठेवेल.

सायकल चालवणाऱ्या वाचकांनाही थोडे सांगायला हवे, कारण तुमच्या रागाचा काही भाग त्यांच्या वागण्यातून आला आहे. अंधारात दिवा आणि मागचा रिफ्लेक्टर नसलेली सायकल गाडीवाल्याला खरोखर दिसत नाही. उलट्या दिशेने येणारी सायकल पाहून पोटात गोळा येतो. ट्रॅकमधून रस्त्यावर येण्याआधी मागे वळून पाहणे आणि हात दाखवणे याला पैसे पडत नाहीत. या तक्रारी जरूर कराव्यात, पण त्या सुरक्षिततेच्या तक्रारी आहेत. कर भरणाराही दिवा न लावता गाडी चालवतो.

आता मुलीकडे येते. तिला कसे पटवून द्यावे, असे तुम्ही विचारले आहे. मला वाटते, ती कराबद्दल वाद घालतच नाही. तिने गाडीत बसून काय पाहिले याचा विचार करा. तुम्ही त्या माणसाला 'भरतोस का रे' म्हणालात. तो तुमच्यापेक्षा वयाने मोठा होता असे तुम्हीच लिहिले आहे. तोच माणूस तुमच्या दुकानात आला असता तर तुम्ही त्याला 'काय देऊ काका' म्हणाला असता, आणि तो कारमधून उतरला असता तर 'अहो, जरा बघून' एवढ्यावर भागले असते. 'अहो'चे 'अरे' झाले ते सायकलमुळे. तुमची मुलगी रोज सकाळी त्याच रस्त्याने सायकलवर निघते आणि मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीत तिच्या वडिलांसारखाच कोणीतरी बसलेला असतो. तिला ऐकू आले ते हे, की बाबांच्या नजरेतून मी रस्त्यावर अशी दिसत असेन.

हे पटवून देऊन मिटणारे नाही. तिच्याजवळ बसा आणि 'त्या दिवशी मी चुकलो' एवढे सरळ म्हणा. त्याला 'पण तोही मध्ये आला' अशी शेपटी जोडू नका. ब्रेक दाबावा लागला तेव्हा तुम्ही घाबरला होता, ती भीती रागासारखी बाहेर पडली, हे खरे असेल तर तेही सांगा, मुलांना हे कळते. त्या माणसाची गाठ पुन्हा पडेल की नाही कोणास ठाऊक. एकाच वेळी, एकाच रस्त्याने रोज कामावरून परतणारी माणसे पुन्हा दिसतात. दिसला तर काच खाली करून 'काका, त्या दिवशी जास्त बोललो' म्हणायला दोन क्षण लागतील.

एक सूचना खास तुमच्यासाठी. एखाद्या रविवारी पहाटे, रहदारी नसताना, मुलीची सायकल घेऊन घरापासून दुकानापर्यंत जाऊन या. ट्रॅक कुठे अचानक संपतो, कुठे झाकण वर आले आहे, कुठे डीपीचा खांब मधोमध आहे, कुठे उतरून पायीच जावे लागते, हे गाडीत बसून वर्षभरात दिसले नाही ते अर्ध्या तासात दिसेल. तुमच्या निवेदनाला याहून चांगला मजकूर मिळणार नाही, आणि तो मजकूर दुकानदाराचा आणि सायकलवाल्याचा एकत्र असेल.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिले आहे की ट्रॅक दोन मीटरचा सांगितला होता पण दीड मीटरच वाटतो. वाटण्यावर ठेवू नका. एक सायकल दुसरीला बाजूने ओलांडू शकेल इतकी रुंदी नसेल तर मागचा माणूस रस्त्यावर उतरणारच, म्हणून हा आकडा महत्त्वाचा आहे. तीन-चार ठिकाणी मोजा, प्रत्येक ठिकाणचा फोटो काढा आणि अर्जाला जोडा. मोजायला जाताना मुलीला विचारा, येतेस का म्हणून. टेपचे दुसरे टोक धरायला कोणीतरी लागतेच, आणि कुठे मोजायचे हे तिला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.